सिग्नल कुणाला मोजतो?

टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथं आलं. दहा किलोमीटर अंतर कापायला इथे सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागली. कोलकाता आणि बेंगळूरू आपल्याही पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर. असे आकडे छापून आले की दोन उपाय लगेच पुढे येतात, एक उड्डाणपूल आणि दुसरा ‘स्मार्ट सिग्नल’. उड्डाणपुलांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. स्मार्ट सिग्नल नेमकं करतो काय, हे मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही.

आमच्या घरात या विषयातली दोन जाणकार माणसं आहेत आणि त्यांचं पटत नाही. माझी मुलगी वाहतूक अभियंता आहे. चौकांचं वेळापत्रक बांधणं हेच तिचं काम. माझे थोरले बंधू, म्हणजे तिचे काका, पुण्यात शहर बस चालवून निवृत्त झाले. तिला चौक पडद्यावर वरून दिसतो, दादांनी तो आयुष्यभर स्टिअरिंगमागून पाहिला. त्यांच्यात झालेली बोलणी मी इथे मांडतो आहे. एकट्या कुणाकडे नव्हतं असं काहीतरी त्या वादातून हाती लागलं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात दादांनी केली. “रस्ता तेवढाच, चौक तेवढाच, गाड्या दरवर्षी वाढतायत. मग दिव्याला अक्कल दिली म्हणून जागा कुठून येणार?”

“जागा येत नाही काका, वेळ सापडतो. आत्ता तो वाया जातोय,” ती म्हणाली. “एकशेवीस सेकंदांचं चक्र धरा. कुठल्या बाजूला किती सेकंद, हे कुणीतरी कधीतरी गाड्या मोजून ठरवलेलं असतं. पुढे जवळ शाळा निघते, मेट्रोचं काम सुरू होतं, एखादा रस्ता एकदिशा होतो, आणि सिग्नल जुन्याच हिशोबाने चालत राहतो. तुम्ही किती वेळा बघितलंय सांगा, आडव्या रस्त्याला हिरवा आणि तिकडे एक गाडी नाही, इकडे तुमच्यामागे थेट मागच्या चौकापर्यंत रांग.”

“रोज. दुपारी तर हमखास.”

“ते सेकंद तिकडून उचलून तुमच्या बाजूला टाकायचे. एवढंच काम आहे त्याचं.”

मग तिने सांगितलं की ही कल्पना आजकालची नाही. ब्रिटनच्या सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात ‘स्कूट’ नावाची प्रणाली तयार केली आणि ग्लासगोत तिची चाचणी घेतली. त्याच दशकात सिडनीत ‘स्कॅट्स’ आली. दोन्हींत डांबराखाली तारेची वेटोळी पुरलेली असतात. वरून गाडी गेली की वेटोळ्यातल्या विजेत फरक पडतो आणि यंत्राला गाडी कळते. स्कूटची वेटोळी चौकापासून बरीच मागे असतात, त्यामुळे गाडी पोचण्याआधीच यंत्र अंदाज बांधतं. स्कॅट्सची थांबरेषेजवळ असतात. दिलेला हिरवा किती भरून वापरला गेला ते बघून ती प्रणाली पुढच्या चक्रात दुरुस्ती करते. २०१२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या नऊ चौकांवर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सरट्रॅक’ बसवलं. त्यात प्रत्येक चौक आपला निर्णय आपण घेतो आणि शेजारच्या चौकाला कळवतो की माझ्याकडून इतक्या गाड्या तुझ्याकडे निघाल्या आहेत. तिथे प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी आणि नुसतं थांबून राहण्याचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला.

“पिट्सबर्गला गाड्या रांगेत उभ्या राहतात,” दादा म्हणाले. “आपल्याकडे लाल लागला की दुचाक्या फटीफटीतून पुढे येतात आणि झेब्रावर जाऊन उभ्या राहतात. तुझ्या त्या वेटोळ्यावरून एका वेळी एक मोटार, एक रिक्षा आणि तीन दुचाक्या जातात. ते मोजणार काय?”

आपल्या शहरांपुढचा खरा तांत्रिक प्रश्न दादांनी कुठलंही पुस्तक न वाचता मांडला होता. बाहेरून आणलेल्या प्रणाली मार्गिका गृहीत धरतात आणि आपल्या रस्त्यावर मार्गिका फक्त रंगवलेल्या असतात. म्हणूनच सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने आपल्या मिश्र वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ नावाची वेगळी पद्धत विकसित केली. आता वेटोळ्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी कॅमेरे येत आहेत. एकेक गाडी मोजण्यापेक्षा रस्त्याचा किती भाग गाड्यांनी व्यापला आहे, हे कॅमेऱ्याला चांगलं कळतं. पुण्यात स्मार्ट सिटीच्या प्रकल्पात १२५ चौक या प्रकारच्या यंत्रणेखाली आणायचं ठरलं. गूगलने तर २०२३ मध्ये चौकात काहीच न बसवता, फोनवरच्या नकाशातून गाड्यांच्या हालचाली वाचून, सिग्नलच्या वेळा सुचवण्याचा उपक्रम जाहीर केला. त्यात बेंगळूरू, कोलकाता आणि हैदराबाद ही आपली शहरं आहेत.

“मोठ्या पावसात कॅमेऱ्याला कमी दिसतं,” मुलीने स्वतःहून सांगितलं. “आणि तुमची बस पुढे असली की तिच्यामागच्या दहा दुचाक्या त्याला दिसतच नाहीत. तरीही जुन्या ठरीव वेळापत्रकापेक्षा ते बरं. त्या वेळापत्रकाला तर काहीच दिसत नव्हतं.”

“बरं. आता संध्याकाळी साडेसहाचं बोल,” दादा म्हणाले.

तिने कागद घेतला. एफ. व्ही. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये मांडलेलं सूत्र आजही जगभर सिग्नलच्या अभ्यासात शिकवलं जातं. ते तिने काकांना शब्दांत सांगितलं. “बाजू बदलली की दर वेळी काही सेकंद फुकट जातात. पुढचा क्लच सोडेपर्यंत थोडे, मागचा पिवळ्यात थांबेपर्यंत थोडे. बाजूला चार धरले तर चार बाजूंचे सोळा. सोळाची दीडपट करून त्यात पाच मिळवा, झाले एकोणतीस. आता चौकाची जेवढी क्षमता शिल्लक आहे तिने याला भागा. चौक ७० टक्के भरलाय, म्हणजे ३० टक्के शिल्लक. उत्तर येतं ९७ सेकंद. एवढं चक्र ठेवलं की खोळंबा सगळ्यात कमी. चौक ८५ टक्के भरला की उत्तर १९३ सेकंद. ९५ टक्के भरला की ५८० सेकंद.”

“म्हणजे दहा मिनिटं?”

“जवळजवळ. इतकं मोठं चक्र कुणी ठेवत नाही, ठेवूही नये.”

“आणि पूर्ण भरला तर?”

“मग शून्याने भागावं लागतं. सूत्राकडे उत्तर नाही.”

दादांना यात जिंकल्यासारखं वाटलं नाही. साडेसहाला बाहेर काय चालतं हे त्यांना माहीत होतं. फक्त त्याचं गणित त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. स्मार्ट सिग्नलविषयीच्या प्रत्येक बैठकीत हे एवढं गणित आधी फळ्यावर मांडावं, असं माझं मत आहे. ते मांडलं की कोंडी संपवू असं आश्वासन कुणाला देता येणार नाही आणि हे सगळं निरुपयोगी आहे असंही म्हणता येणार नाही. ७० ते ९० टक्क्यांच्या मधे असलेल्या चौकाला नीट वाटणीचा फार फायदा होतो, आणि सकाळची गर्दी ओसरल्यापासून संध्याकाळपर्यंत शहरातले बरेच चौक तिथेच कुठेतरी असावेत.

“पण तू वाचवलेला वेळ टिकेल किती?” दादांनी विचारलं. “रस्ता मोकळा झाला की लोक गाडी काढतात. माझ्या डोळ्यांदेखत किती रस्ते रुंद झाले आणि पुन्हा भरले.”

“टिकत नाही हे खरंय. दुरँतों आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासून हेच दाखवलं. महामार्ग जितके वाढले, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढलं. सिग्नलने वाचवलेल्या वेळालाही तोच नियम लागतो.”

पुण्यात २०१८ मध्येच नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या सुमारे ३६ लाखांवर गेली होती, शहराच्या तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. वाचलेले सेकंद भरून काढायला गाड्या दारात उभ्याच आहेत.

हवालदाराचा विषय निघाला तेव्हा आवाज थोडे चढले. संध्याकाळी सिग्नल बंद करून माणूस चौक हातात घेतो, त्याला दादांच्या मते ठोस कारण आहे. हवालदाराला पुढचा चौक दिसतो. पुढे जागा नसेल तर तो इकडचं सोडत नाही; यंत्र मात्र रांग बघून हिरवा देईल आणि गाड्या चौकाच्या पोटात अडकतील. मुलीने हे मान्य केलं. पुढच्या रस्त्यावरची मोकळी जागा मोजत नसेल अशी प्रणाली घेऊच नये, असं ती म्हणाली. तिचं उलट म्हणणं असं की हवालदारालाही एकदोनच चौक दिसतात. समोरची रांग संपेपर्यंत तो तीन-तीन मिनिटं सोडत राहतो, तेवढ्यात आडव्या रस्त्यावर तितकीच रांग साचते आणि तिचा भार पुढच्या चौकातल्या हवालदारावर पडतो. रुग्णवाहिका, वरात, बंद पडलेला ट्रक, विसर्जनाचा दिवस, यांसाठी माणूस हवाच. रोजची साधी संध्याकाळ त्याच्या फुप्फुसांवर काढणं अन्यायाचं आहे, असं ती म्हणाली. त्यावर दादा काही बोलले नाहीत. धुराचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

खरा मुद्दा त्यानंतर आला.

“मला एवढंच सांग,” दादा म्हणाले. “माझ्या गाडीत साठ माणसं आहेत. शेजारच्या मोटारीत एक. तुझं यंत्र आम्हाला कसं मोजतं?”

“वाहनाने अडवलेल्या जागेवरून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मोटार म्हणजे एक एकक. दुचाकी अर्धं ते पाऊण. बस २.२ ते ३.७, रस्त्यावर बसचं प्रमाण किती आहे त्यावर.”

“आणि आतली माणसं?”

“ती त्या एककात येतच नाहीत.”

“म्हणजे माझी साठ माणसांची बस तीन मोटारींच्या बरोबरीची. तीन मोटारींत माणसं किती? चार? पाच?”

“हो.”

“आणि तू म्हणतेस यंत्र हुशार आहे.”

“यंत्राला ‘सगळ्या वाहनांचा मिळून खोळंबा कमी कर’ असं सांगितलं तर ते नेमकं तेच करतं, काका. आपण त्याला काय सांगतो यावर आहे.”

“मग भाकरीचे तुकडे तू अगदी बरोबर करशील. पण पंगतीला कोण बसणार हे आधीच ठरलंय, आणि ते ठरवताना बसमधल्या माणसाला कुणी विचारलं नाही.”

माझ्या मते सगळा विषय इथे येऊन थांबतो. जुन्या सिग्नलची वाटणी निदान डोळ्यांना दिसत होती. कुणालाही घड्याळ लावून मोजता येत होती. नव्या यंत्रणेत ती दर चक्राला बदलते आणि ती कुठल्या तत्त्वावर बदलते हे एका निविदेच्या तांत्रिक परिशिष्टात लिहिलेलं असतं. ते तत्त्व ठरवणं हे धोरण आहे. शहराचा वेळ मोटारीला द्यायचा, बसला द्यायचा की रस्ता ओलांडणाऱ्याला, याचा निर्णय नगरसेवकांनी सभागृहात घ्यायला हवा आणि वृत्तपत्रांनी त्यावर वाद घालायला हवा. आज तो निर्णय प्रणाली बसवणारा, कुणी न सांगता, आपल्या सवयीने घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दुसरं काही करायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलीने कागद उलटा केला आणि माणसं मोजून तोच हिशोब पुन्हा मांडला. साठ माणसांची बस चौकात पोचते तेव्हा हिरवा संपायला आला आहे. ती चुकली तर पन्नास सेकंद उभी, म्हणजे माणसांचे ३,००० सेकंद गेले. बस निघून जाईपर्यंत हिरवा आठ सेकंद लांबवला, तर आडव्या रस्त्यावरच्या वीस मोटारी, त्यांतली साधारण तीस माणसं, आठ सेकंद जास्त थांबतील. ते होतात २४०.

“तीन हजार विरुद्ध दोनशेचाळीस,” दादा म्हणाले. “हे इतकं सरळ आहे?”

“चौकापुरतं आहे. याला बसचा अग्रक्रम म्हणतात. एकतर हिरवा थोडा लांबवायचा, नाहीतर लाल थोडा आधी संपवायचा. बसमध्ये जीपीएस असतंच, ती कुठे आहे हे सिग्नलला कळू शकतं.”

“मग एक गोष्ट लिहून घे.” इथून पुढे बराच वेळ दादाच बोलले. “आपले कितीतरी थांबे सिग्नलच्या अलीकडे आहेत. मी थांब्यावर गाडी लावली, लोक चढतायत, तुझ्या यंत्राने माझ्यासाठी हिरवा धरून ठेवला. तो माझ्या काय कामाचा? चढउतार संपेपर्यंत तो जाणार आणि आडव्या रस्त्यावरचे लोक उगाच खोळंबणार. थांबा चौकाच्या पलीकडे हवा. आधी सिग्नल पार करायचा, मग माणसं घ्यायची. पलीकडे रिक्षा उभ्या असतात, टपऱ्या असतात, म्हणून थांबा सरकत नाही. तुझ्या कॅमेऱ्याच्या आधी तो थांबा हलव.”

तिने ते लिहून घेतलं. परदेशात बसच्या अग्रक्रमाचा अभ्यास करणारेही हेच सांगतात, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, “सगळ्या बसना अग्रक्रम द्यायचा की फक्त उशीर झालेल्यांना?”

“उशीर झालेल्यांना. का ते सांगतो. पुढची गाडी लेट झाली की तिच्या थांब्यांवर जास्त माणसं साठतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी लेट होते. मागची रिकामी येते आणि तिला गाठते. मग अर्धा तास काही नाही आणि एकदम दोन गाड्या, एक खच्चून भरलेली, एक मोकळी. प्रवासी आम्हाला शिव्या देतो, कंट्रोलर जाब विचारतो. मागच्या रिकाम्या गाडीला हिरवा दिलास तर ती अजून लवकर गाठेल. पुढचीला दे.”

मुलगी म्हणाली की अग्रक्रमाला ही अट घालण्याची पद्धत आहे, पण तिच्यामागचं कारण इतक्या थोडक्यात तिने कुणाकडून ऐकलं नव्हतं.

दुचाकीवाल्यांवर दादा रागावलेले होते. तिने ते चालवून घेतलं नाही. दुचाकीवर एक नाहीतर दोन माणसं असतात आणि ती मोटारीच्या मानाने फार थोडी जागा घेते, त्यामुळे माणशी जागेचा हिशोब केला तर दुचाकीवाला शहरावर मोटारीएवढा भार टाकत नाही. शिवाय त्यांतले पुष्कळ जण कालचे बसप्रवासीच आहेत. सकाळी कारखान्याच्या किंवा दुकानाच्या वेळेला बस येईल याची खात्री उरली नाही, म्हणून त्यांनी हप्ते बांधून गाडी घेतली.

“हे मला मान्य करावं लागेल,” दादा म्हणाले. “माझ्या गाडीला रोज असणारे चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. नंतर ते सिग्नलला माझ्या शेजारी हेल्मेट घालून उभे असायचे.”

माणसं मोजायचं एखाद्या शहराने ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरण झुरिकचं आहे, आणि ते इथे नीट सांगायला हवं. १९७३ मध्ये झुरिकच्या मतदारांनी भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला. ट्रामचं जाळं जुनं होतं आणि गाड्यांच्या गर्दीत अडकत होतं. १९७७ मध्ये नागरिकांनीच पुढाकार घेऊन मांडलेला दुसरा प्रस्ताव मतदानाला आला. ट्राम आणि बसचा वेग वाढवण्यासाठी २० कोटी फ्रँक खर्च करावेत, असा तो होता. तो मंजूर झाला. त्यातून शहराने ट्रामसाठी मार्गिका मोकळ्या केल्या आणि सिग्नलना आज्ञा दिली की ट्राम किंवा बस आली तर तिला थांबवायचं नाही. तिथला सिग्नल ट्राम येताना ओळखतो आणि ती पोचेपर्यंत वाट मोकळी करून ठेवतो. मधल्या भागात मावतील तेवढ्याच मोटारी आत सोडायच्या आणि बाकीच्या शहराच्या कडेच्या सिग्नलवर धरून ठेवायच्या, हेही झुरिकने केलं. सिग्नल, संवेदक, संगणक हे सगळं इतर शहरांकडेही होतं. झुरिकच्या मतदारांनी आधी काय हवं ते ठरवलं आणि मग यंत्राला कामाला लावलं.

“म्हणजे लोकांनी मत दिलं, सिग्नलबद्दल,” दादा पुन्हा पुन्हा म्हणत होते. या एका गोष्टीने ते अक्षरशः हरखून गेले.

पायी चालणाऱ्यांचा विषय मी काढला, कारण दोघांपैकी कुणीच काढला नव्हता. एकाचं लक्ष बसवर, दुसरीचं चौकावर. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, तेव्हा असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं शहर म्हणून त्याचं कौतुक झालं होतं. सिग्नलच्या चक्रात त्या धोरणाचं काय झालं, असं मी मुलीला विचारलं.

“पादचाऱ्याचा हिरवा सेकंदाला १.२ मीटर या वेगाने काढतात, बाबा. २४ मीटरचा रस्ता, २० सेकंद.”

“तुझ्या आजीचा वेग?”

“०.८ धरला तर तीस सेकंद.”

“आणि तुझ्या प्रणालीला रस्त्याकडेला उभी असलेली आजी दिसते का?”

“बहुतेक ठिकाणी नाही. आपल्याकडे दाबायचं बटणही क्वचित असतं. चालणाऱ्याला किमान वेळ दिला की यंत्र त्याचा विचार संपवतं.”

यात आणखी एक अडचण आहे, तीही तिनेच सांगितली. चौक भरत गेला की यंत्र चक्र लांबवतं, कारण मोठ्या चक्रात फुकट जाणाऱ्या सेकंदांचं प्रमाण कमी होतं. गाड्यांना ते सोयीचं. पण चक्र दोन मिनिटांवरून तीन मिनिटांवर गेलं की कडेला उभ्या माणसाला तेवढं जास्त थांबावं लागतं, आणि कंटाळून तो गाड्यांच्या मधून पाऊल टाकतो. गाड्यांसाठी अचूक असलेला निर्णय त्या माणसाच्या जिवावर बेततो. लंडनच्या परिवहन यंत्रणेने २०२१ मध्ये १८ ठिकाणी उलट करून पाहिलं. तिथे चालणाऱ्याचा हिरवा कायम सुरू, गाडी येताना ओळखली तरच तो लाल होतो. म्हणजे तीच संवेदक-यंत्रणा आणि तेच सिग्नल, पण थांबायचं कुणी हे उलटं ठरवलेलं. आपल्या पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर, शाळांपुढे, ससूनसारख्या रुग्णालयांबाहेर हे आपणही करू शकतो. याला नवी यंत्रं लागत नाहीत, हे मी ठासून सांगेन.

शेवटी मुलगी म्हणाली की हे सगळं निविदेत अटी म्हणून लिहिता येतं, आणि तिने त्या घडाघड सांगितल्या. यश मोजायचं ते दर माणशी खोळंब्यावर, वाहनांवर नाही. चक्राला कमाल मर्यादा, म्हणजे चालणाऱ्याला कुठेही दीड मिनिटापेक्षा जास्त थांबायला लागणार नाही. उशिराने धावणाऱ्या बसला अग्रक्रम, आणि थांबा पलीकडे सरकल्याशिवाय त्या चौकात प्रणाली सुरूच करायची नाही. दर महिन्याचे आकडे चौकवार लोकांसमोर. तारा तुटल्या, कॅमेरा बंद पडला तर किती तासांत दुरुस्ती, त्याचा दंड. खोदाईच्या शहरात ही शेवटची अट तिला सगळ्यात महत्त्वाची वाटत होती.

“आणि झुरिकसारखं कडेला गाड्या धरणं?” दादांनी विचारलं.

“तेही हवं. मधला भाग शंभर टक्के भरू द्यायचा नसेल तर दुसरा मार्ग नाही. मघाचं गणित आठवा.”

“तिकडे कडेच्या वाघोलीला कोण राहतं माहीत आहे ना? शहरात घर परवडलं नाही म्हणून तिकडे गेलेली माणसं. त्यांना तू बाहेर उभं करणार आणि कोथरूडवाला आत आरामात फिरणार.”

“त्यांची बस उभी राहणार नाही काका. बस वेगळ्या मार्गिकेतून रांगेच्या पुढे निघून जाईल.”

“कुठल्या मार्गिकेतून? नगर रस्त्यावर बसची अशी मार्गिका, बीआरटी, होती. तिचा बराच भाग काढून टाकला.”

ती गप्प राहिली नाही. मार्गिकेला वर्षं लागतील, सिग्नलचं काम यंदा होऊ शकतं, आणि तोपर्यंत मधल्या शहरातल्या बसही त्याच कोंडीत सडतील, असं तिने सांगितलं. दादा ऐकेनात. या एका मुद्द्यावर मीही त्यांच्याच बाजूचा आहे. ज्याला पर्याय दिला नाही त्याच्या गाडीपुढे मुद्दाम लाल धरून ठेवण्याचा अधिकार शहराला नाही.

“मग अटीतच लिहू,” ती म्हणाली. “ज्या रस्त्यावर बसची मार्गिका सुरू झाली, त्याच रस्त्यावर कडेचा सिग्नल गाड्या धरून ठेवेल. त्याआधी नाही.”

“आणि मार्गिका पुन्हा काढली तर?”

“तर त्या दिवसापासून धरणंही बंद.”

“हेही लिही,” दादा म्हणाले.